जिथे लोखंड विरघळतं, तिथे हे जीव मजेत जगतात! ॲसिडोफाइल्स म्हणजे नेमके कोण?

बोटाला बारीकशी चीर पडलेली असताना लिंबू पिळलंय कधी? क्षणभर डोळ्यांसमोर तारे चमकतात. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ असतो. आपल्या पोटातलं जे आम्ल जेवण पचवतं, तेही याच पट्ट्यातलं, थोडं आणखी तीव्र.

आता अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या एका डोंगराकडे वळू. नाव आयर्न माउंटन. या डोंगराच्या पोटात रिचमंड नावाची जुनी खाण आहे. १९९० आणि १९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी या खाणीत खोलवर जाऊन पाण्याचे नमुने घेतले, तेव्हा पीएच मोजायच्या नेहमीच्या पद्धतीच कमी पडल्या. वेगळ्या पद्धतीनं मोजमाप करावं लागलं. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यात एका नमुन्याचा आकडा होता उणे ३.६.

होय, उणे. पीएच शून्याच्याही खाली जाऊ शकतो, हेच अनेकांना तोवर माहीत नव्हतं.

आणि याच खाणीत, याच पाण्याच्या शेजारच्या प्रवाहांवर, गुलाबीसर रंगाचा एक थर तरंगत होता. दुधावर साय धरावी तसा. तो थर म्हणजे गंज नव्हता, रसायन नव्हतं. ते जिवंत सूक्ष्मजीव होते. कोट्यवधींच्या संख्येनं.

या जीवांमुळे एक नदी धोक्यात आली, सरकारला आणि कंपन्यांना अब्जावधी रुपये मोजावे लागले आणि आजच्या जनुकीय विज्ञानाच्या एका मोठ्या गोष्टीतही त्यांचा हात लागला. म्हणून हा विषय समजून घ्यायला हवा.

आधी पीएचचं गणित

पीएच म्हणजे एखादं द्रावण किती आम्लधर्मी आहे हे सांगणारी मोजपट्टी. ७ म्हणजे उदासीन, म्हणजे शुद्ध पाणी. ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर अल्कली.

पण या पट्टीत एक मेख आहे. इथे प्रत्येक पायरी दहा पटीची असते. पीएच ६ चं पाणी ७ पेक्षा दहा पट आम्लधर्मी, ५ चं शंभर पट, ४ चं हजार पट. म्हणजे पीएच शून्य असलेलं पाणी शुद्ध पाण्याच्या तुलनेत एक कोटी पट आम्लधर्मी असतं.

आणि शून्य हा तळ नाही. थर्मामीटरचा पारा जसा शून्याखाली जातो, तसंच इथेही होतं. फक्त निसर्गात असं पाणी सापडणं अतिशय दुर्मीळ.

ॲसिडोफाइल म्हणजे काय?

ज्या जीवांना वाढण्यासाठी आम्लधर्मी वातावरणच लागतं, त्यांना ॲसिडोफाइल म्हणतात. मराठीत आम्लप्रेमी म्हणता येईल. यातले जे पीएच ३ च्या खाली सर्वांत छान वाढतात, त्यांना टोकाचे आम्लप्रेमी मानलं जातं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आम्ल सहन करणं वेगळं आणि आम्लाशिवाय जगताच न येणं वेगळं.

घरच्या दह्यातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते बऱ्यापैकी सोसतातही. पण त्यांना फार आंबट वातावरण मानवत नाही. दही खूप आंबलं की त्यांचीही वाढ थंडावते.

पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तर अनेकांना माहीत असेल. पोटातल्या आम्लात जिवाणू राहू शकतात यावर डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच हा जिवाणू पिऊन दाखवला. पुढे २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण हा जिवाणूसुद्धा खरा आम्लप्रेमी नाही. तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारून टाकतो. थोडक्यात, तो आम्लात छत्री घेऊन फिरतो.

खऱ्या आम्लप्रेमींना छत्री नको असते, त्यांना पाऊसच हवा असतो. याचं सर्वांत टोकाचं उदाहरण म्हणजे पिक्रोफिलस. जपानच्या होक्काइडो बेटावर जमिनीतून गंधकाच्या गरम वाफा निघतात, तिथे हा सूक्ष्मजीव सापडला आणि १९९० च्या दशकात त्याची नोंद झाली. त्याला सर्वांत जास्त मानवणारं वातावरण म्हणजे पीएच ०.७ आणि तापमान ६० अंश सेल्सिअस. शून्याच्या आसपासही तो तग धरतो.

गंमत म्हणजे पीएच ४ च्या वर गेला की त्याच्या पेशीचं आवरण ढासळू लागतं. म्हणजे ज्या पाण्यात आपण हात धुतो, त्या पाण्यात तो फुटून मरतो.

पण हे जीव जळत कसे नाहीत?

आम्ल म्हणजे मुळात काय, तर हायड्रोजनच्या धनभारित कणांची, म्हणजे प्रोटॉनची गर्दी. हे प्रोटॉन पेशीत घुसले की प्रथिनांचा आकार बिघडतो, डीएनएचं नुकसान होतं आणि खेळ संपतो.

आता एक आश्चर्याची गोष्ट. बाहेर पीएच १ असला तरी या जीवांच्या पेशीच्या आत तो बराच वर असतो. बहुतेकांच्या आत ६ च्या आसपास, पिक्रोफिलसच्या आत साधारण ४.६. म्हणजे हे जीव आतून आम्ल झालेले नाहीत. त्यांनी आम्लाला दाराबाहेर ठेवलंय. कसं? त्याच्या चार युक्त्या आहेत.

पहिली युक्ती, भिंत. आपल्या पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचं असतं. यातल्या अनेक सूक्ष्मजीवांमध्ये (विशेषतः आर्किया या गटात) ते दोन थर एकमेकांना जोडून एकसंध झालेले असतात. त्यांचे रासायनिक बंधही आम्लानं सहज तुटत नाहीत. त्यामुळे प्रोटॉनला आत शिरायला फट मिळत नाही.

दुसरी युक्ती, दारातली गर्दी. संध्याकाळी विरार लोकलच्या दारात उभे असलेले लोक पुढच्या स्टेशनवर कुणाला आत येऊ देतात का? हे जीव पोटॅशियमसारखे धनभारित कण पेशीच्या आत साठवून ठेवतात. समान भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे बाहेरून येऊ पाहणारा प्रोटॉन मागे रेटला जातो.

तिसरी युक्ती, उपसा. इतकं करूनही थोडे प्रोटॉन आत येतातच. गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसे पेशीतले पंप ते सतत बाहेर फेकत राहतात.

चौथी युक्ती, दुरुस्ती. बिघडलेली प्रथिनं पुन्हा नीट घडी घालणारी आणि डीएनए सांधणारी यंत्रणा या जीवांकडे कायम कामाला लागलेली असते.

यात आणखी एक खुबी आहे. बाहेर प्रोटॉन भरपूर आणि आत कमी, हा फरक म्हणजे धरणाच्या भिंतीमागे साठलेल्या पाण्यासारखा असतो. ठरावीक वाटेनं थोडे प्रोटॉन आत सोडले की त्यावर पेशी ऊर्जा तयार करते. आपल्याला जे संकट वाटतं, त्यावरच त्यांचं वीजघर चालतं. फक्त आत आलेल्या प्रोटॉनची विल्हेवाट लावावी लागते. लोहावर जगणारे जीव ते प्रोटॉन ऑक्सिजनशी जोडून त्याचं पाणी करून टाकतात.

मग आयर्न माउंटनमध्ये झालं काय?

इथे १८६० च्या दशकात खाणकाम सुरू झालं आणि १९६३ पर्यंत चाललं. चांदी, सोनं, तांबं, लोखंड, जस्त, सगळं काढलं गेलं. त्यासोबत पायराइटही. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज. सोन्यासारखं चकाकतं, म्हणून त्याला मूर्खांचं सोनं असंही म्हणतात.

जमिनीखाली बंदिस्त असेपर्यंत पायराइट निरुपद्रवी असतं. पण बोगदे खोदले, डोंगराला भेगा पडल्या आणि हवा व पावसाचं पाणी आत शिरलं. पायराइट, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं.

हे काम निसर्गतः फार सावकाश चालतं. कारण या साखळीत लोहाचं एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणं ही पायरी आम्लात रेंगाळते. आणि नेमकी इथेच आम्लप्रेमी जीवांची एंट्री होते. त्यांच्यासाठी हा बदल म्हणजे जेवण. लोहाचं रूप बदलताना जी ऊर्जा सुटते त्यावर ते जगतात. या जीवांमुळे ही पायरी जवळपास दहा लाख पट वेगानं होते, असं १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं.

बदललेलं लोह पुन्हा पायराइटवर तुटून पडतं, त्यातून आणखी आम्ल आणि आणखी लोह सुटतं, म्हणजे जिवांना आणखी जेवण. जितकं खातील तितकं वाढतील आणि जितके वाढतील तितकं आम्ल वाढेल. हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं.

खाणींमधून येणाऱ्या आम्लामागे सूक्ष्मजीव आहेत, हे १९४७ मध्ये कोळसा खाणींच्या पाण्याचा अभ्यास करताना कळलं होतं. या गटातला सर्वांत प्रसिद्ध जिवाणू आज ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या नावानं ओळखला जातो. रिचमंड खाणीत मात्र त्याहूनही जास्त आम्ल पचवणाऱ्यांचं राज्य आहे. लेप्टोस्पिरिलम नावाचा जिवाणू आणि फेरोप्लाझ्मा नावाचा आर्किया हे तिथले मुख्य रहिवासी. यातल्या फेरोप्लाझ्माला तर पेशीभित्तिकाच नाही. फक्त पातळ आवरणाच्या जोरावर तो पीएच १ च्या आसपास राहतो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. उणे ३.६ पीएचच्या पाण्यात जीव राहतात असं नाही. गुलाबी थर सापडले ते साधारण पीएच ०.५ ते १ च्या पाण्यावर, ४० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत. अर्थात तेही आपल्यासाठी जीवघेणंच.

नदीचं काय झालं?

हे आम्ल खाणीतून बाहेर पडताना तांबं, जस्त आणि कॅडमियम विरघळवून सोबत नेतं. ते ओढ्यातून पोहोचतं थेट सॅक्रॅमेंटो नदीत. ही नदी सॅमन माशांची आणि जवळच्या रेडिंग शहराची पाण्याची मोठी गरज भागवते.

१९६७ मध्ये एकाच आठवड्यात किमान ४७,००० ट्राउट मासे मेले. स्वच्छतेचं काम सुरू होण्यापूर्वी या डोंगरातून रोज सरासरी एक टन विषारी धातू वाहून येत असे.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं या जागेला सर्वांत प्रदूषित ठिकाणांच्या यादीत टाकलं. १९९४ पासून तिथे मोठं प्रक्रिया केंद्र चालू आहे. पद्धत तशी साधीच, आम्लात चुना मिसळायचा. आम्ल शमतं, धातूंचा गाळ खाली बसतो आणि तुलनेनं स्वच्छ पाणी पुढे सोडलं जातं. नदीत जाणारे बहुतांश धातू यामुळे थांबले. २००० साली खाणीची जबाबदारी असलेल्या कंपनीसोबत जवळपास एक अब्ज डॉलरची तडजोड झाली, म्हणजे पुढची अनेक वर्षं खर्चाची सोय झाली.

मग खाणीची तोंडंच बुजवून का टाकत नाहीत? हा प्रस्ताव खरंच आला होता. पण अभ्यासात उलटंच चित्र दिसलं. खाणीच्या भिंतींवर आम्ल आणि धातू धरून ठेवणारे क्षारांचे थर साचलेले आहेत. तोंड बंद केलं तर आत पाणी भरेल, हे क्षार विरघळतील आणि डोंगराच्या पोटात सुमारे सहा लाख घनमीटर जहाल आम्लाचं तळं तयार होईल. ते कुठल्या फटीतून बाहेर येईल याची खात्री कुणी द्यायची?

म्हणून प्रक्रिया चालू ठेवणं एवढाच मार्ग उरतो. किती काळ? उरलेलं पायराइट संपायला सुमारे ३,००० वर्षं लागतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शंभर वर्षांचं खाणकाम आणि तीन हजार वर्षांची साफसफाई.

भारतातही हा प्रश्न आहे. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधल्या कोळशात गंधकाचं प्रमाण जास्त आहे. तिथल्या उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणींमधून येणाऱ्या आम्लधर्मी पाण्यानं ओढे-नद्यांची हानी झाली. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१४ मध्ये अशा खाणकामावर बंदी घातली, त्यामागे पाण्याच्या प्रदूषणाच्या तक्रारी हे एक महत्त्वाचं कारण होतं.

म्हणजे हे जीव व्हिलन आहेत?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. बोगदे त्यांनी खोदले नाहीत. आणि याच जीवांकडून माणूस कामही करून घेतो.

कमी प्रतीच्या खनिजातून तांबं काढायचं तर ते भट्टीत वितळवणं परवडत नाही. मग खनिजाचे ढीग रचतात, त्यावर आम्लधर्मी पाणी सोडतात आणि पुढचं काम जिवाणूंवर सोपवतात. ते धातू मोकळा करतात, तांबं पाण्यात उतरतं आणि नंतर वेगळं काढलं जातं. याला बायोलीचिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून सोनं मोकळं करायलाही अशाच जीवांची मदत घेतली जाते.

आणि क्रिस्परचा काय संबंध?

रिचमंड खाणीत टोकाचं आम्ल असल्यानं तिथे मोजक्याच जाती टिकतात. हीच गोष्ट बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ जिलियन बॅनफिल्ड यांच्या पथ्यावर पडली.

तोवर सूक्ष्मजीवाचा अभ्यास करायचा तर आधी तो प्रयोगशाळेत वाढवावा लागायचा. पण बहुतेक सूक्ष्मजीव तिथे वाढतच नाहीत. बॅनफिल्ड यांच्या गटानं गुलाबी थरातला सगळ्यांचा डीएनए एकत्रच वाचला आणि मग कुठला तुकडा कुणाचा हे जुळवलं. चार-पाच जिगसॉ कोड्यांचे तुकडे एकाच डब्यात मिसळलेले असावेत आणि तरी प्रत्येक चित्र वेगळं लावावं, तसं. हजार कोडी असती तर ते त्या काळी अशक्य होतं, पण इथे मोजकीच होती. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. आज माती, समुद्र आणि माणसाच्या आतड्यातले जीव याच मार्गानं अभ्यासले जातात.

हा डीएनए वाचताना त्यात पुन्हा पुन्हा येणारे काही तुकडे दिसत होते आणि त्यांच्या मधे विषाणूंच्या डीएनएचे अंश. पोलीस ठाण्यात फरार आरोपींचे फोटो लावतात तसे. तोच विषाणू परत आला की ओळखून त्याला कापायचं, अशी ही यंत्रणा. नाव क्रिस्पर.

हे तुकडे आधीही दिसले होते, १९८७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एका वेगळ्या जिवाणूत त्यांची नोंद केली होती. पण २००६ च्या सुमारास बॅनफिल्ड यांनी त्याच विद्यापीठातल्या जेनिफर डाउडना यांना संपर्क करून या विषयाकडे त्यांचं लक्ष वेधलं. डाउडना यांनी तोवर क्रिस्परवर काम केलेलं नव्हतं. पुढे २०१२ मध्ये त्यांनी इमॅन्युएल शारपेंटिए यांच्यासोबत क्रिस्परचं जनुकीय कात्रीत रूपांतर कसं करता येईल हे दाखवलं आणि २०२० मध्ये दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ती कात्री आम्लातल्या जीवांकडून आलेली नाही, ती घशाचा संसर्ग करणाऱ्या जिवाणूकडून घेतलेली आहे. पण डाउडना या वाटेला लागल्या, त्यात खाणीतल्या गुलाबी सायीचा वाटा होता.

जीवसृष्टीची हद्द कुठे?

स्पेनमधली रिओ टिंटो नदी लालभडक आहे आणि तिचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो. तरी तिच्यात जिवाणूंसोबत शेवाळं आणि बुरशीसुद्धा नांदतात. मंगळावर २००४ मध्ये ऑपर्च्युनिटी यानाला जारोसाइट हे खनिज सापडलं, जे आम्लधर्मी पाण्यात तयार होतं. हेच खनिज रिओ टिंटोच्या काठीही मिळतं. म्हणून मंगळावर जीवसृष्टी शोधायचा सराव करायला नासाचे शास्त्रज्ञ या नदीवर गेले होते.

दुसरीकडे इथिओपियातल्या डॅलोल भागात रंगीबेरंगी गरम डबकी आहेत. आम्लही भयंकर आणि मीठही भयंकर. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाला सर्वांत टोकाच्या डबक्यांत जिवंत काहीच आढळलं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं मात्र तिथे सूक्ष्मजीवांच्या खुणा दिसल्याचं म्हटलं होतं, त्यामुळे वाद आहे. पण एक मुद्दा पुढे आला. नुसतं आम्ल जीवसृष्टीला थांबवत नाही. आम्ल आणि मीठ एकत्र आले की मात्र गाडी अडते.

मोजपट्टीचं दुसरं टोक पाहायला लांब जायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे, पीएच १० च्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे मीठप्रेमी आर्किया असल्याचं दिसलं. फेरोप्लाझ्मा आणि पिक्रोफिलस हेही आर्कियाच. एकाच मोठ्या कुळातले नातेवाईक, पण एकाला लोणारचं पाणी मानवतं आणि दुसऱ्याला आयर्न माउंटनचं. पाण्यांची अदलाबदल केली तर दोघेही मरतील.

आयर्न माउंटनमध्ये आजही चुना पडतोय, गाळ निघतोय आणि आत गुलाबी साय धरतेच आहे.